पाहुणा जेवला आणि झोपला

फार जुन्या काळी, समुद्रापासून खूप दूरच्या एका तळ्यात एक टिबुकली राहायची. पाण्यात बुड्या मारणारं एवढंसं पाखरू ते, तिला कोण विचारणार! एकदा मोठं वादळ झालं. सकाळी तिला काठच्या खडकावर एक अनोळखी पक्षी दिसला, वरून काळाभोर आणि खालून पांढराशुभ्र. तो समुद्रावरचा सुरय होता, वाऱ्याने भरकटवलेला.

टिबुकलीने आनंदाने सगळ्यांना बोलावलं. बदकं आली, बगळे आले, शेजारच्या तळ्यावरची पाखरंसुद्धा आली. "हिनेच पहिल्यांदा पाहिला," असं जो तो म्हणू लागला, तशी टिबुकली फुलून गेली.

"समुद्राला पलीकडचा काठ असतो का हो?" "लाटा कधी झोपतात?" प्रश्न संपेनात. सुरय बिचारा उत्तरं देत राहिला. मासा पकडायला उठावं, तर गर्दी आडवी येई. दुपारी त्याची मान कलली, ती फक्त टिबुकलीने पाहिली. हे सगळे गेले, की आपल्यालाही कुणी विचारणार नाही, हे तिला कळत होतं.

"आता घरी जा," ती म्हणाली. "पाहुणे उपाशी आहेत."

"तूच बोलावलंस ना?" बगळा चिडला.

"हो. आणि जा म्हणतेय तीही मीच."

कुरकुरत सगळे पांगले. टिबुकलीने बुडी मारून मासे आणले. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि सुरय समुद्राकडे उडाला.

बगळा लगबगीने आला. "एकटीच होतीस त्याच्यापाशी. समुद्राचं काय काय सांगितलं त्याने?"

"काही नाही," टिबुकली म्हणाली. "जेवला आणि झोपला."