लाजरं चाक

बैलगाडीची चाकं माणसांसारखी लाजत, त्या काळची गोष्ट. धाव, म्हणजे चाकाभोवती बसवायची लोखंडी कडी, अंगावर चढेना, म्हणून एका चाकाला स्वतःच्या जाडीची लाज वाटली. ते पाणी पिणं सोडून उन्हात बसलं आणि पार वाळलं. इकडे भिकन लोहाराने धाव विस्तवात तापवून फुगवली, चाकावर चढवली, पाणी मारून आवळली. तरी सैलच! पहिल्याच उतारावर ती निसटून एकटीच पुढे पळाली.

“अगं, थांब!” चाक रडकुंडीला आलं.

“तुला वाळायला कुणी सांगितलं होतं?” म्हणत भिकनने धाव पुन्हा चढवली आणि दोघांना ओढ्यात बुडवलं. चाक पोटभर पाणी पिऊन टम्म फुगलं.

“पुरे रे, मला श्वास घेता येईना!” धाव करकरली.

“मग सुटतेस?” चाकाने भीत भीत विचारलं.

“आता कशी सुटू?” धाव म्हणाली. “आणि कशाला?”