मथुराक्काची जाकिटं

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा आंबेघोळच्या घाटात मोटारीचा रस्ता झाला नव्हता. खाली कोकण, वर गाव आणि मधे दगडगोट्यांची वळणावळणाची पायवाट. श्रावण लागला की त्या वाटेवर धुकं उतरायचं, ते असं की हात पुढे केला तर आपलीच बोटं दिसायची नाहीत. गुरं घरी यायची ती गळ्यातल्या घंटांच्या आवाजावर. त्या दिवसांत आंबेघोळची माणसं हळू बोलायची. जोरात बोललं तर शब्द धुक्यात हरवतो, असं म्हणतात.

घाट जिथे सुरू होतो तिथे, गावाच्या अगदी टोकाला, मथुराक्का रंगारीण राहायची. एकटी बाई. दारात तीन रांजण, परसात दोरीच दोरी. तिचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल, कधी हिरवे. फुलपाखरं तिच्या मनगटावर घटकाभर बसायची आणि उडताना दुसऱ्याच रंगाची होऊन उडायची, असं म्हणतात. रांजणातल्या रंगाचा थेंब ती जिभेच्या टोकावर घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "अजून उठला न्हाई. निजू दे." रंग उठेपर्यंत ती कापड बुडवायची नाही. आणि एकदा बुडवलं, की तो रंग जन्मात सुटायचा नाही. एका नवरीचं लुगडं नदीच्या पुरात वाहून गेलं, चार महिन्यांनी वाळूत सापडलं, तर तसंच लालभडक. मथुराक्काला दुसरा कसला अभिमान नव्हता. एवढा एकच होता.

त्या काळात गावच्या शाळेत तारळेकर मास्तर आले. त्यांनी मुलामुलींचं स्काउटचं पथक उभं केलं. बाजाराच्या दिवशी कोकणातली माणसं डोक्यावर पाट्या घेऊन घाट चढायची. पथकातलं एकेक मूल एकेका वळणावर उभं राहायचं आणि माणसांना वाट दाखवायचं. मुलांना गणवेश हवा म्हणून मास्तर अक्काकडे आले. शिवायची कलाही तिच्या बोटांत होती.

"रंग कुठला दिऊ, मास्तर?"

"तुम्हाला वाटेल तो द्या, अक्का."

तिने पळसाची फुलं उकळली. गुडघ्यापर्यंत लांब, बंदांची जाकिटं शिवली आणि त्या केशरी रंगात बुडवली. पोरं ती घालून घाटात उभी राहिली तेव्हा खालून येणाऱ्यांना वाटलं, डोंगराने वळणावळणावर समया लावल्यात.

पण शहरात एक कचेरी होती आणि त्या कचेरीतून पत्रकं यायची. पहिल्या पत्रकात लिहिलं होतं, केशरी रंग भडक आहे, जाकीट खाकी असावं, त्याला चार खिसे आणि पितळी गुंड्या असाव्यात. अक्काने जाकिटं उसवली, खिसे लावले, हिरडा आणि बाभळीची साल उकळून खाकी रंग दिला. दोन वर्षांनी दुसरं पत्रक आलं. आता जाकीट कमरेपर्यंत आखूड, गळपट्टी दुमडलेली, आणि रंग राखाडी. अक्काने पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पण सोबत आलेला कापडाचा तुकडा तिने उजेडात धरला, मग दाराबाहेर धुक्यात धरला, आणि तो तिच्या हातातल्या हातात दिसेनासा झाला.

"मास्तर, ह्यो रंग पोरांच्या अंगावर नको."

"नाही दिला तर पथकाचं नाव काढून टाकतील, अक्का."

तिने रंग दिला. त्याच महिन्यात बाबू कासार बांगड्यांची पेटी पाठीला बांधून घाट चढत होता. तिसऱ्या वळणावर हौसा उभी होती. ही हौसा म्हणजे कुंभाराची तेरा वर्षांची लेक, पथकाची म्होरकी. तिने हाका मारल्या, पण धुक्यात हाक कुठून येते ते कळत नाही. बाबू हाकेकडे वळायचा तो दरीकडे वळला. त्या दरीत अजूनही कधी कधी काकणं किणकिणतात, असं म्हणतात.

हौसा चार दिवस घाटाकडे फिरकली नाही. पाचव्या दिवशी ती अक्काच्या दारात येऊन बसली.

"माझ्या हाताएवढ्या अंतरावरनं गेला, अक्का. त्याला मी दिसलेच न्हाई."

अक्काने तिला जवळ घेतलं. तिच्या हाताचा रंग हौसाच्या गालाला लागला नाही. फुलपाखरांची गोष्ट वेगळी, माणसाला तिचा रंग लागत नसे. त्या संध्याकाळी अक्काने रांजण घासून रिकामे केले. मग तिने मास्तरांना निरोप धाडला, "जाकिटं पाठवा, उजळून देते."

आठ दिवसांनी जाकिटं परत आली. पाहावी तर तशीच राखाडी, पत्रकातल्या तुकड्यासारखी. काय बदललं ते कुणाला दिसेना. अक्काने आत काय केलं होतं ते तिलाच ठाऊक. आपला न सुटणारा जुना रंग, जो फक्त तिलाच काढता यायचा, तो तिने सगळा उकळून काढला होता, तुरटी घालून पळस पक्का मुरवला होता, आणि त्याच्यावर भाताच्या पेजेत खललेली काजळी नुसती चोपडली होती. उभ्या आयुष्यात तिने कच्चा रंग दिला तो हा पहिला.

भादव्यात शहरातून साहेब तपासणीला आले. शाळेच्या अंगणात पथक रांगेत उभं राहिलं. साहेबांनी गुंड्या पाहिल्या, गळपट्ट्या पाहिल्या, मान हलवली. तेवढ्यात वाऱ्याबरोबर एक बारीक सर आली. मुलांच्या बाह्यांवरून काळे ओघळ निघाले, गुडघ्यांवरून वाहत पायांपाशी साचले. आणि राखाडीखालून केशरी वर येऊ लागलं, आधी खांद्यांवर, मग पाठीवर, मग सगळीकडे. अख्खा गाव बघत उभा होता.

"हा काय प्रकार आहे?" साहेब गरजले. "कुणी रंगवली ही?"

गर्दीतून अक्का पुढे आली. तिचे डोळे जमिनीवर होते.

"अक्का, तुझा रंग सुटला?" कुणी तरी हळहळून विचारलं.

"सुटला न्हाई," ती म्हणाली. "मी सोडला."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी वहीत शेरा लिहायचं ठरवलं, पथक बंद करायचं सांगितलं आणि वही काखेत मारून घाट उतरायला लागले, कारण त्यांची गाडी खाली उभी होती. बरोबर पेटी उचलणारे दोघं गडी. मास्तर खाली मान घालून बसले. बायका अक्काकडे न बघता पाणी भरायला गेल्या. लुगडी रंगवायला दिलेली होती, ती दोघी-तिघी तिच्या दारातून परत घेऊन गेल्या. आपल्या उंबऱ्यावर बसून अक्का घाटाकडे बघत राहिली, आणि तिने पाहिलं, की धुकं वर चढत येतंय.

ती तशीच उठली आणि शाळेत गेली.

"हौसा, साहेब वाटेवर हायेत."

"पथक बंद झालं न्हवं, अक्का?"

"पथक बंद झालंय. वाट न्हाई."

मुलं ओल्या जाकिटांनिशी धावली. साहेब तोवर दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचले होते आणि तिथे त्यांचं जग संपलं होतं. वर पांढरं, खाली पांढरं. गड्यांचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. त्यांनी एक पाऊल टाकलं, तर पायाखालचा दगड निसटला आणि तो पडल्याचा आवाज आलाच नाही. साहेब जागच्या जागी खाली बसले. मग त्यांना दिसलं. दूर वर एक ठिपका फुलला, पळसाचं फूल फुलावं तसा. मग दुसरा, मग तिसरा. ठिपके एकामागून एक खाली येत गेले आणि वळणावळणावर थांबत गेले. धुकं त्यांच्या भोवती केशरी झालं, डोंगर केशरी झाला, आणि साहेबांना आपले स्वतःचे हात परत दिसू लागले. त्या उजेडात दरीच्या काठावरचं गवतसुद्धा पातं पातं मोजता येत होतं, असं म्हणतात.

हौसाने हात धरून साहेबांना वर आणलं, मागोमाग दोघं गडीही आले. पहिलं दार अक्काचं होतं. अक्काने त्यांना चुलीपाशी बसवलं, गुळाचा चहा दिला. साहेबांनी एका मुलाच्या जाकिटाची बाही चिमटीत धरून पाहिली.

"या रंगाला काय म्हणायचं, बाई?"

"तुमच्या कागदात त्याचं नाव न्हाई, साहेब."

साहेबांनी वही उघडली, त्यात एक ओळ लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर घाट उतरून गेले. मास्तरांनी ती ओळ सगळ्या गावाला वाचून दाखवली. लिहिलं होतं, 'धुकं दाट असल्यामुळे गणवेशाचा रंग नीट दिसला नाही. पथक चालू ठेवावं.'

पुढेही पत्रकं येतच राहिली. गळपट्टी गेली, परत आली. खिसे चाराचे दोन झाले. राखाडी जाऊन निळा आला, निळा जाऊन मातकट आला. अक्का प्रत्येक वेळी पत्रकाप्रमाणे रंग चढवायची आणि त्याच्या पोटात पळस ठेवायची. परत नेलेली लुगडी बायकांनी आपण होऊन आणून दिली. त्या घाटात पुन्हा कुणाचा पाय घसरला नाही.

अक्का गेली ती श्रावणातच. हौसा तेव्हा दोन लेकरांची आई होती. खालच्या सात गावांतली माणसं अक्काला शेवटचं बघायला घाट चढू लागली, आणि नेमकं धुकं उतरलं. पथक सगळं अक्काच्या अंगणात, वळणांवर कुणी नाही. हौसाच्या ते ध्यानात आलं. ती रडता रडता उठली, तिने अंगावरचा पदर तेवढा सावरला, अक्काच्या घरातलं होतं नव्हतं ते रंगीत कापड काढलं आणि घाटाच्या बाजूच्या दोरीवर टाकलं. ते बघून शेजारणीने आपलं नेसायचं लुगडं आणलं. कुणी फेटा आणला, कुणी बाळाचं दुपटं, कुणी लग्नातला शालू. हिरवं, जांभळं, पिवळं, लाल. घाटाच्या काठाने गावभर दोऱ्या लागल्या. त्या दिवशी खालून आलेली माणसं सांगायची, आम्ही चढलो ते डोंगर नव्हे, कुणाचा तरी भरजरी पदर धरून चढलो. सातही गावची माणसं सुखरूप पोहोचली.

आता घाटात डांबरी सडक आहे. पथकाचे गणवेश शहरातून तयार येतात आणि त्यांचा रंग कुठला असावा हे अजूनही पत्रकच ठरवतं. पण श्रावणात धुकं उतरलं की आंबेघोळला शाळेची घंटा वाजते आणि घराघरातून माणसं कपडे घेऊन बाहेर येतात. धुतलेले, कोरे, जुने, जे हाताला लागतील ते. त्याला 'अक्काचं वाळवण' म्हणतात. नवा पाहुणा हसतो, म्हणतो, असल्या हवेत कपडे वाळतात होय? गावातल्या बाया त्याला सरळ सांगतात, न्हाई वाळत. दोन दिवस, तीन दिवस ते तसंच ओलं, थेंब गाळत दोरीवर असतं, आणि धुकं हटल्याशिवाय आंबेघोळमधलं कुणीही ते आत घेत नाही.