नव्या खिडकीचे फायदे

माळावरच्या एका गावात एक भोळा गडी होता, केरबा नावाचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. घरच्यांची खरी अडचण तीच होती.

केरबाची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, आणि खोलीची खिडकी तर अशी, की उघडली तरी वारा आत आणि लावली तरी आत.

बायको आनसा म्हणाली, "अवो, खिडकी बदला. नव्या खिडकीचं लई फायदं. वारं न्हाई, धूळ न्हाई, अन् उजेड भरपूर. ज्ञानू सुताराला माप द्या."

"माप कसं देऊ?"

"मी शिंप्याला जुनी चोळी देते न्हवं का मापाला? तसं."

केरबाने जुनी खिडकी उपटली आणि डोक्यावर घेऊन सुताराकडे गेला. "ज्ञानूदा, हुबेहूब अशीच पायजे."

ज्ञानू कसबी माणूस. त्याने दोन बोटांची फट ठेवली. कडी लागणार नाही अशी वाकडी बसवली. कोपरा उंदरांनी कुरतडलेला होता, तोसुद्धा पटाशीने तस्सा कोरून दिला.

आनसाने कपाळावर हात मारला. "अवो, कशात काय खोट हाय ती आधी सांगावी मानसानं! उघड सांगावी!"

"आता सांगतो," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो लेकीला आणायला तिच्या सासरी गेला. विहीणबाईंनी पाट मांडला, चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "तुमची मंजुळा म्हंजी गुणाची पोर."

"कशाची गुणाची?" केरबा म्हणाला. "भाकरी करपवती, दुपारची घोरती, अन् माघारी तुमाला तोफ म्हनती."

विहीणबाईंनी त्याच्या हातातला चहा काढून घेतला.

केरबा एकटाच परतला. आनसा वाटेकडे डोळे लावून उभी होती. "पोर कुठाय?"

"तोफ म्हनाली, धाडत न्हाई."

आनसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. पहिलटकरीण पोर, आणि आईच्या हाताखाली नाही? "अवो, कुनाचंबी नाव निघालं की गोड बोलावं! वाईट असलं तरी वानावं!" एवढं बोलून ती विहिणीच्या पाया पडायला निघाली. जाता जाता म्हणाली, "तवर ज्ञानूदाकडनं दुसरी खिडकी करून घ्या."

ज्ञानूने केरबाला विचारलं, "पहिलीत काय चुकलं का रं?"

"छे! फट तर अशी झ्याक, वारं कसं गार गार येतं. कडी लागतच न्हाई, लई ब्येस. जरा धाकटी वाटती, एवढंच."

ज्ञानूची छाती फुगली. त्याने दुप्पट मोठी खिडकी केली, फट चार बोटांची ठेवली, आणि खुशीच्या भरात गज बसवायचे विसरला.

विहीणबाईंची बोलणी खाऊन आनसा लेकीला घेऊन आली, तर समोर ही खिडकी. म्हैस आत आली असती. पण मंजुळेचे दिवस भरत आले होते. आनसाने ज्ञानूला बोलावलं, समोर उभी राहून फट मिटवून घेतली, कडी सरळ करून घेतली; गज बारशानंतर बसवायचे ठरले. चौकटीभोवतीची भिंत फुटली होती. तिकडे बोट दाखवून ती केरबाला म्हणाली, "जितनं वारं येतंय ती जागा इटा-चिखलानं बुजवा. इचारत बसू नगा. अन् वाळंस्तवर आठ दिस कुनाला हात लावू दिऊ नगा."

केरबाने बुजवली, आणि नामी बुजवली. खोलीत उजेडच उजेड. खिडकी लावली की दिव्याची वातसुद्धा हलेना. लग्नाला वीस वर्षं झाली होती. आनसा पहिल्यांदाच म्हणाली, "झ्याक केलंसा." केरबा दिवसभर उरलेल्या विटांकडे मायेने बघत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी खोलीत पडल्या होत्या. मंजुळा अर्धवट झोपेत म्हणाली, "आबा, दारातनं वारं येतंय वो."

केरबाने दारात हात धरून पाहिला. येत होतं, भरपूर. पुरुषभर उंच फट, आणि इतके दिवस कुणाच्या लक्षात नाही! दोघींची झोप मोडू नये म्हणून त्याने बाहेरून हलक्या हाताने विटा रचल्या, वर चिखल थापला आणि राखणीला बसला.

दिवस कलताना आतून आनसा ओरडली, "अवो, पोरीला कळा सुरू झाल्या! गौराबाईला बोलवा! अन् दार कुठं गेलं?"

गौराबाई सुईण धावत आली. "दार कुठाय?"

"बुजवलं."

"मग फोड की, मुडद्या!"

"आठ दिस हात लावायचा न्हाई. तिनंच सांगितलंय."

आत मंजुळा किंचाळली. गौराबाईने पदर खोचला आणि खिडकीतून उडी टाकली. घटकाभरात बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, मायलेकी सुखरूप होत्या. बाहेर केरबाही आनंदाने रडला. रडता रडता त्याने विटांवर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई नात बघायला आल्या. केरबा दाराशी पहाऱ्यालाच होता. आतून आनसा आणि गौराबाईने ओढलं, मागून केरबाने ढकललं, तेव्हा त्या कशाबशा खिडकीतून आत पडल्या. उठून, लुगडं झटकत म्हणाल्या, "इवाई, कसली म्हनायची ही खिडकी?"

केरबाला आनसाची शिकवण आठवली. नाव निघालं की वानावं.

"नवी हाय!" तो अभिमानाने म्हणाला. "लई फायद्याची. जुनीच ठेवली असती, तर एवढी तोफ आत शिरली असती का?"