हजेरीचा भरवसा

“अहो बाई, फीमाफी म्हणजे काय देवळातला प्रसाद आहे, येईल त्याच्या हातावर ठेवायला?” कॉलेजचे अध्यक्ष निंबोरकर कडाडले.

“प्रसाद नकोच मला. नियमात बसतंय ते द्या,” शेवंताही हटेना.

तुरुंगात राहून बारावी झालेली ही बाई. फी माफ झाली तरच ती बी.ए.ला बसणार, नाहीतर घरचा रस्ता.

मघाशी अध्यक्षांनी चहाचा कप पुढे सरकवला, तेव्हाच तिला संशय आला होता. नकार द्यायचा असला की माणूस आधी गोड बोलतो, हे ती आत शिकली होती. कपाला तिने बोट लावलं नाही. बोलता बोलता अध्यक्षांनी टेबलावर काढून ठेवलेलं आपलं मनगटी घड्याळ हळूच खिशात टाकलं, तेही तिने पाहिलं.

“नियमच काढता, तर ऐका,” अध्यक्ष मिशीत हसले. “फीमाफीला रोजची हजेरी लागते. तुमच्यासारख्यांचा काय भरवसा? आज इथं, उद्या कुठं!”

शेवंताने पदर खोचला.

“साहेब, तुरुंगात नऊ वर्षं सकाळ-संध्याकाळ आमची मोजणी व्हायची आणि मी एकदाही गैरहजर नव्हते, तुमच्या कॉलेजात असा एक तरी विद्यार्थी दाखवा, मी आल्या पावली परत जाते.”