सहलीच्या रथाचा उन्हाळा

फाल्गुन वद्य द्वितीया. सकाळपासून कोरडा वारा, धूळ उडत होती. देवखिंडीचे राजे धवलसिंह गोंदा सुताराला म्हणाले, "आम्ही गडावर थंड हवेला चाललो. सहलीचा रथ मृगापर्यंत तुझ्या ताब्यात. परत आलो की आजच्यासारखा पळाला पाहिजे."

रथ म्हणजे चाकांवरची खोलीच. आत गादी, झोपाळा, खिडक्यांना पडदे. हिवाळाभर राजे त्यातून हिंडत. घाट मात्र तो चढत नसे.

"पळेल महाराज. रोज थोडा फिरवून आणतो."

"रिकामा फिरवायचा नाही. राजाचा रथ रिकामा दिसला की लोक भलतंच बोलतात."

"मग मी बसतो आत."

"तू? त्यात राजाच बसेल. गेल्या वर्षी दिवाणांचे मेहुणे आत घोरत पडले. पडद्यांना अजून त्यांच्या तंबाखूचा वास येतो."

शेजारी उभ्या दिवाणांनी मान खाली घातली.

"पण महाराज, रथ उभा राहिला की चाकं उन्हानं आकसतात, त्यांवरच्या लोखंडी धावा सुटतात, गादीत उंदीर पिल्लं घालतात."

"ते तू बघ. बिघडला तर घर, हत्यारं इथेच ठेवून गाव सोडायचं."

गोंदा घरी आला तो जेवलाच नाही. त्याची मुलगी येसू गहू निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोन खडे बाजूला टाकले आणि म्हणाली, "बाबा, बैलांचा खुराक वाढवा. यंदा रथ उभा राहायचा नाही."

मृग लागला. राजे परतले. रथ झुळझुळ चालत होता. राजे खूश होऊन गादीवर टेकले आणि ताडकन उठले. गादीच्या घडीत अक्षता होत्या!

"गोंदा, आत कोण बसलं होतं?"

येसू पुढे झाली. "राजेच बसले होते, महाराज. पुष्कळ राजे."

"माझ्या राज्यात?"

"लग्नसराई होती ना. गेल्या माघात नदीच्या उतारावर परटाच्या लेकाची वरात आडवी आली. भालदार तिला हटवू लागला, तर आपणच घोडा बाजूला घेतलात. म्हणालात, आज राजा तो आहे, वाट त्याची. सगळ्या गावानं ऐकलं. म्हणून बाशिंग बांधलेल्यालाच आत घेतलं."

"आणि नवरी?"

"राणीला पायी कशी चालवू?"

दिवाण गुरगुरले, "उद्या कुणीही बाशिंग बांधून येईल."

"आले होते की. तुमचेच मेहुणे, दोनदा. नवरी कोण विचारलं, तर सांगता येईना. परत पाठवलं."

राजे इतके हसले की झोपाळ्याच्या साखळ्या वाजू लागल्या.

गोंदाला ओढ्याकाठचा मळा मिळाला. रथशाळेची किल्ली येसूकडे आली. पुढच्या वैशाखात तिची वरात त्याच रथातून निघाली, आणि त्यासाठी गडावरून उतरून आलेल्या राजांनी आपला घोडा रस्त्याच्या कडेला घेतला.