मूळचा कोट

त्या रानात आता परक्यांचं राज्य नव्हतं. समुद्रापलीकडून आलेले लांडगे कधीच निघून गेले होते. मागे उरला होता तो त्यांचा लाकडी कोट. प्राण्यांनी तो पाडला नाही. आपण काय सोसलं ते पिलांना कळावं, म्हणून त्याचं संग्रहालय केलं आणि जतन करायला एक साळिंदर नेमलं.

पण लाकूडच ते. पाऊस आणि वाळवी त्याला सतत खात. मग साळिंदर रानात फिरून चांगल्या झाडांवर गेरूचा पट्टा ओढी. ती झाडं तोडून कोटाच्या भिंतीत उभी केली की जुनी ठरत.

यंदा पट्टा उमटला धनेश पक्ष्याच्या बेहड्यावर. त्याची बायको आत ढोलीत होती. त्यांच्या रीतीप्रमाणे अंडी घालण्याआधी तिनं ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेतलं होतं. चोचीपुरती फट तेवढी उरली होती. त्या फटीतून धनेश तिला उंबरं भरवी. पिलं मोठी होईपर्यंत ती बाहेर येणार नव्हती.

धनेश कोटावर गेला. भिंतीतून डिंक ओघळताना पाहून तो थबकला.

"साळिंदरदादा, हा कोट मूळचा ना?"

"अगदी मूळचा."

"मग लाकूड ओलं कसं?"

"रडतंय ते. जुन्या आठवणी येतात त्याला."

बघायला आलेल्या सशांनी डोळे पुसले.

"अहो, माझी बायको आहे त्या बेहड्यात! पिलं निघेपर्यंत तरी थांबा."

साळिंदराचे काटे हळूहळू उभे राहिले. कोटाच्या खांबांची टोकंही तशीच तासलेली होती. "कोट पडावा असं कुणाला वाटतं, ठाऊक आहे? लांडग्यांना. तुला कुणी पाठवलं?"

ससे धनेशापासून जरा सरकून उभे राहिले.

"याची चोच बघ," एक जण कुजबुजला, "आपल्याकडची वाटते का तुला?"

पावसाच्या आधी कोटाची उत्तरेकडची भिंत दुरुस्त झाली, म्हणजे पुन्हा जुनी झाली. सहलीला आलेल्या पिलांना साळिंदर एका जाड खांबातली अरुंद फट दाखवत होतं.

"इथून लांडगे आपल्यावर बंदुका रोखत."

तेवढ्यात फटीतून एक पिवळी चोच बाहेर आली आणि उघडली.

"अगदी खरं वाटतं!" म्हणत पिलांनी टाळ्या वाजवल्या.

रांगेच्या शेवटी धनेश उभा होता. चोचीत उंबर धरलेलं असल्यानं त्याला काही बोलता येत नव्हतं.