येसोबाचा खोकला

एका गावात एक येसोबा नावाचा कारागीर होता. गाव साधंच, पण तिथून थेट आभाळात जायची सोय होती. राजाने वर, ढगांच्याही पार, एक चौकी उभारली होती. माणसं जायच्या आधी तिथे पीठ, पाणी, औषधं भरून ठेवायची होती. त्यासाठी येसोबा ताडाहून उंच अग्निबाण बनवायचा. तुम्ही शिकलेली माणसं त्याला रॉकेट म्हणता. म्हणा बापडे.

आता अग्निबाण म्हणजे काही बैलगाडी नव्हे, की सरका जरा, बसू द्या अजून एकाला. वजन ठरल्यापेक्षा वाढलं की बाण पोचलाच नाही म्हणून समजा. म्हणून येसोबाने कारखान्याच्या दारात भला मोठा तराजू टांगला होता. नियम एकच. नवं काही आत न्यायचं, तर ते एका पारड्यात ठेवायचं. तेवढ्याच वजनाचं काहीतरी बाणातून काढून दुसऱ्या पारड्यात ठेवायचं. आणि काय काढलं ते येसोबाने सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं. असे सहा बाण गेले. सहाही पोचले.

सातव्यातून माणसं जायची होती. तिघं. त्यांचा म्होरक्या रायाजी, येसोबाचा लंगोटीयार.

पिठाची पोती नेताना कसली काळजी? पीठ काही बोंब मारत नाही. पण माणसांसाठी येसोबाने बाणाच्या शेंड्यावर एक छोटा बाण बसवला. मोठ्याने पेट घेतला, तर छोट्याने माणसांची कोठडी उचलून तळ्याच्या पाण्यावर न्यायची. तिथे छत्री उघडायची आणि कोठडी अलगद पाण्यात उतरायची. बसायचा डोक्यावर, पण त्याला सगळे म्हणत पाठीराखा. येसोबाने तो रिकाम्या कोठडीवर उडवून पाहिला होता. कोठडी बरोब्बर तळ्यात पडली. रायाजीची बायको चिमाबाई काठावर उभी राहून बघत होती. रायाजी जाणार हे ठरल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

मग सुरू झाली मोठ्या माणसांची वर्दळ.

पहिले आले प्रधानजी. हातात पितळेची पाटी, तिच्यावर त्यांचं नाव. "येसोबा, ही चौकीच्या दारावर लागली पाहिजे."

वर कोण वाचणार होतं ती? कावळासुद्धा जात नाही तिथवर! पण प्रधानजींना हे सांगणार कोण?

येसोबाने पाटी पारड्यात ठेवली. आता काढायचं काय? पाणी काढलं तर माणसं तहानेने मरतील. पीठ काढलं तर उपाशी. त्याने पाठीराख्यात ठासलेली थोडी उडवायची दारू काढली, पिशवीत भरली, पिशवीचं तोंड बांधलं आणि समोरच्या पारड्यात ठेवली. तराजू समतोल झाला.

"काय काढलं?" लोकांनी विचारलं.

येसोबा तोंड उघडणार, तोच त्याला खोकला आला. असा खोकला, की प्रधानजींनी स्वतःच्या हाताने पाणी पाजलं. उत्तर राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी राजगुरू आले, तांब्याचा कलश घेऊन. पुन्हा पिशवी, पुन्हा खोकला. तिसऱ्या दिवशी राणीसाहेबांचे बंधू आले. त्यांनी दाजींचा, म्हणजे राजाचा, छातीएवढा पुतळा आणला. येसोबाने हात जोडले. "सरकार, हा फार जड आहे."

"मग दाजींना जाऊन सांगतोस का, की तुम्ही जड झालात?"

येसोबाला लगेच खोकला आला. त्या दिवशी दोन पिशव्या भरल्या.

रात्री त्याने मनाची समजूत घातली. सहा बाण सुखरूप गेले, सातवा का पेटेल? आणि पेटलाच तर पाठीराख्यात अजून अर्धी दारू आहेच की. मनाची समजूत घालायला कुठे तराजू लागतो?

जायचा दिवस आला. बाणात चढताना जोडे शिडीपाशी काढायची रीत होती. रायाजी जोडे काढता काढता हसला. "येसबा, तेवढंच वजन कमी. पण लेका, तुझ्या खोकल्याचा धसका घेतलाय चिमाने. माझ्या वाटचं काही काढलं नाहीस ना?"

तेव्हाही वेळ होता. चार पिशव्या कारखान्याच्या फळीवरच होत्या. पण समोर मांडव होता, मांडवात राजा होता आणि राजासमोर पुतळ्याला हार घालणं चाललं होतं.

"बस बिनघोर," येसोबा म्हणाला. या वेळी त्याला खोकला आला नाही.

बाण उठला. देवळाच्या कळसाइतका चढला आणि बुडाशी पेटला. पाठीराखा मात्र इमानी. त्याने कोठडी उचलली, आगीतून बाहेर काढली आणि तळ्याकडे धावला. चिमाबाई काठावरच उभी होती. कोठडी आली, आली... आणि तळ्याच्या अलीकडे, दगडी पायऱ्यांवर आदळली. छत्री उघडायला उंचीच पुरली नाही. पाणी वीस पावलांवर होतं.

तिघांपैकी कुणीच उरलं नाही. राखेत प्रधानजींची पाटी तेवढी धड सापडली. त्यांनी ती चिंचेने घासून घेतली.

तेराव्यानंतर चिमाबाई कारखान्यात आली. शिडीपाशी राहिलेले रायाजीचे जोडे तिने पदरातून काढले आणि तराजूच्या एका पारड्यात ठेवले. ते पारडं खाली गेलं.

"भावजी, हे मी आत ठेवलं," ती म्हणाली. "तुम्ही काय काढलं होतं, ते आता ओरडून सांगा."

येसोबाला खोकला आला.

"खोकून घ्या," चिमाबाई म्हणाली. "मी थांबते."

ती थांबली. खोकला संपला. मग येसोबाने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चारही पिशव्यांचं. चिमाबाईने ऐकून घेतलं आणि निघून गेली. जोडे तिने तिथेच ठेवले.

ते अजून त्या पारड्यात आहेत. समोरच्या पारड्यात काय ठेवलं म्हणजे तराजू समतोल होईल, ते येसोबाला अजून सापडलेलं नाही.

तात्पर्य: जे चारचौघांत मोठ्याने सांगता येत नाही, ते गुपचूप करू नये. मोठ्यांची भीड आपण राखतो, पण तिच्यापायी जीव भलत्याचाच जातो.